बर्फात गाडी केवढी हवी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

परवा संक्रांतीच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये पुन्हा तेच झालं. हातात तीळगूळ, आणि एक दादा माझ्या गाडीभोवती चक्कर मारून म्हणाले, "वहिनी, ट्रक साहेबांचा का?" माझा, म्हटलं. "अहो, पण एवढासा? बर्फात चालतो का हा?" दुसरे म्हणाले, "ह्यात सायकली तरी मावतात का?" तिसऱ्यांनी तर सल्लाच दिला. "पुढच्या वेळी मोठा घ्या. मिनेसोटात मुलंबाळं घेऊन फिरायचं तर अंगावर लोखंड हवं."

मी हसून विषय सोडून दिला. गेली तीन वर्षं हसूनच सोडते आहे. पण ह्या वेळी घरी येताना ते "अंगावर लोखंड" डोक्यातून जाईना. का जाईना ते पुढे सांगते. आधी गाडीचं सांगते, कारण निम्मे प्रश्न त्याबद्दलचेच असतात.

गाडी म्हणजे फोर्ड मॅव्हरिक, हायब्रिड, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिची किंमत १९,९९५ डॉलरपासून सुरू होत होती, डिलिव्हरीचे पैसे वेगळे. आता ती किंमत विसरा. आज नवी घ्यायची तर बरेच जास्त मोजावे लागतात. माझी ऑर्डर दिल्यापासून हातात यायला जवळजवळ वर्ष लागलं. मधल्या काळात एका डीलरने "मागणी फार आहे" म्हणून वरचे काही हजार मागितले. त्याला नमस्कार करून दुसरीकडे गेले. हा तिच्याबरोबरचा माझा चौथा हिवाळा.

घेतली ती सायकलींसाठी. आमच्या घरात चार माणसं आणि सात सायकली आहेत. (हसू नका, तुमच्यातल्या काहींच्या गराजमध्ये दहा क्रिकेट बॅटी आहेत.) आधी सेडानच्या मागे रॅक लावून न्यायचो. उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात पस्तीस मैल हायवेवर नेल्या की मिठाच्या पाण्याचा सगळा फवारा चेनवर आणि गिअरवर. फेब्रुवारी संपेपर्यंत चेन गंजून कडक. बरं, जाड टायरच्या फॅटबाइक तर अर्ध्याअधिक रॅकमध्ये बसतच नाहीत.

आता हौद्यात ठेवतो. हौदा साडेचार फुटांचा, म्हणजे मोठ्या माणसाची सायकल सरळ आडवी मावत नाही हे खरं. दोन उपाय आहेत. एक, फाळक्यावर जाड गादीसारखं कव्हर टाकायचं आणि पुढची चाकं फाळक्याबाहेर लोंबती ठेवायची. अशा चार सायकली आरामात जातात. फक्त मागचा कॅमेरा कव्हरखाली झाकला जाणार नाही एवढं बघायचं. दुसरा उपाय, पुढचं चाक काढून सायकल हौद्यात तिरकी उभी करायची. हौद्याच्या भिंतींना लाकडी पट्ट्या अडकवायला खाचा आहेत. मी दुकानातून दोन पट्ट्या आणून त्यावर फोर्क धरणारे क्लॅम्प ठोकले. खर्च जेवायला बाहेर गेल्यापेक्षा कमी. चिखल, बर्फ, मीठ सगळं हौद्यात. गाडीच्या आतल्या सीट कोरड्या. ह्या एका गोष्टीसाठी मी तिला सगळं माफ केलं आहे.

माफ करण्यासारखंही आहे. हायब्रिड म्हटलं की लोकांना वाटतं मायलेज बारा महिने तेच. तसं नाही. ईपीएचा आकडा शहरात ४२ आणि हायवेवर ३३. बरोबर वाचलंत, शहरात जास्त. ब्रेक मारताना जी ऊर्जा वाया जाते ती हायब्रिड बॅटरीत साठवते, आणि शहरात ब्रेक जास्त. माझी गाडी उन्हाळ्यात शहरात चाळिसाच्या वर देते. जानेवारीत तीच तिशीवर येते. कारण साधं आहे. आपल्याला आत गरम हवा हवी असते, ती इंजिनातून येते, म्हणून एरवी बंद राहिलं असतं ते इंजिन हिटरसाठी चालू राहतं. थंडीत बॅटरीही पुरती साथ देत नाही. सरकारच्या फ्युएल इकॉनॉमी साइटवरच लिहिलं आहे की कडक थंडीत छोट्या फेऱ्यांमध्ये हायब्रिडचं मायलेज ३० ते ३४ टक्क्यांनी पडतं. त्यामुळे कुणी "हायब्रिड घे, पेट्रोलचा खर्च निम्मा" सांगितलं तर विचारा, कुठल्या महिन्यात? पण पडलेलं तिशीचं मायलेजसुद्धा मोठ्या पिकअपच्या उन्हाळ्यातल्या मायलेजपेक्षा बरं आहे, हेही तितकंच खरं.

आता मुख्य प्रश्न. बर्फात चालते का?

२०२२-२३ चा हिवाळा आठवतोय ना? ट्विन सिटीजमध्ये ९० इंच बर्फ. नोंदींमधला तिसऱ्या क्रमांकाचा. गाडी घेतल्यावरचा माझा पहिलाच हिवाळा. त्या वर्षी मी दोनदा अडकले, दोन्ही वेळा घरामागच्या गल्लीच्या तोंडाशी. प्लाऊवाल्याने रस्ता साफ करताना जो बर्फाचा बांध घालून ठेवलेला असतो ना, त्यावर. फावडं आणि वाळूची पिशवी गाडीत होती, दहा मिनिटांत निघाले. त्याच आठवड्यात आमच्या शेजाऱ्यांची फोर बाय फोर त्याच बांधावर पोटावर बसली होती. तिला टो ट्रक लागला. ह्यातून "माझी गाडी भारी" असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे की बर्फ गाडीचा आकार विचारत नाही.

बर्फात थांबवतात ते टायर. माझ्या गाडीला नोव्हेंबर ते एप्रिल विंटर टायर असतात, डोंगर आणि बर्फाच्या चांदणीची खूण असलेले. साधारण ४५ डिग्री फॅरनहाइटच्या खाली ऑल-सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. विंटर टायरचं रबर मऊ राहतं. एवढाच फरक, पण चौकात थांबायच्या वेळी हाच फरक. (गाडीला खिळ्यांचे टायर मिनेसोटाच्या रहिवाशांना कायद्याने चालत नाहीत. सायकलला चालतात. आमच्या सायकलींना आहेत.)

आणि ऑल-व्हील ड्राइव्ह? ती गाडी निघायला मदत करते. थांबायला नाही. थांबवायला ब्रेक चारही चाकांना सगळ्यांच्याच असतात. वजनाचंही तेच. "जड गाडी रस्ता धरून राहते" असं आपण सगळेच म्हणतो. पण वजन वाढलं की पकड वाढते तशीच गाडीची पुढे जायची ओढही वाढते. दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून जड गाडी काही लवकर थांबत नाही. थांबली नाही, तर मात्र समोरच्याला जास्त जोरात लागते. आपल्यातले निम्मे लोक इंजिनियर आहेत, हे मी सांगायला नको.

आता ते "अंगावर लोखंड".

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून लायब्ररीतून घरी येत होतो. आदल्या दिवशी प्लाऊ होऊन गेलेला, चौकाच्या चारही कोपऱ्यांवर छातीएवढे बर्फाचे ढीग. आम्हाला चालण्याचा सिग्नल मिळाला. तो पुढे, मी मागे. उजवीकडे वळणारी एक मोठी पिकअप आली. ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत होता, जसं आपण सगळेच बघतो. मी ओरडले. ती थांबली. थांबली तेव्हा माझ्या मुलाचं हेल्मेट बॉनेटच्या कडेच्या खाली होतं. मला तो मागून दिसत होता. काचेमागच्या माणसाला तो दिसणं शक्यच नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. आपलेच एक काका. मंडळात मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या ताटात पुरणपोळी वाढणारे. नवीन आलेल्या किती जणांना ह्यांनी घर शोधायला, लायसन्स काढायला मदत केली आहे, मोजदाद नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "दिसलाच नाही गं," एवढंच म्हणत होते. "दिसलाच नाही."

मी काय म्हणाले माहीत आहे? "असू द्या काका, काही झालं नाही."

काही झालं नाही हे खरं. पण "असू द्या" हे खोटं होतं. मला ओरडायचं होतं, त्यांच्यावर नाही, पण कशावर तरी. आणि मग वर्षभर मी कुठे बोललेही नाही. आपल्यात वडीलधाऱ्यांना असं चारचौघांत बोलायचं नसतं, आणि माणूस इतका चांगला. परवा पार्किंगमध्ये "अंगावर लोखंड हवं" असा सल्ला आला तेव्हा तेच काका दोन पावलांवर उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मीही घातली. घरी येऊन ठरवलं की आता लिहायचं.

काकांना दोष देऊन काय होणार? त्यांची नजर चांगली आहे, ते सावकाश चालवतात. त्यांना जी गाडी विकली गेली तिच्यातून नऊ वर्षांचं मूल जवळ आलं की दिसत नाही, हा दोष आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर पायी चालणाऱ्याला धडक बसल्यावर त्याचा जीव जाण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी आणि उताराचं बॉनेट असलेल्या गाडीच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत २००९ मध्ये गाड्यांच्या धडकेने चार हजार एकशेच्या आसपास पादचारी गेले. २०२२ मध्ये सात हजारांच्या वर. ह्याला कारणं अनेक आहेत. फोन आहेत, वेग आहे, अंधारे रस्ते आहेत. पण गाड्यांची तोंडं उंच आणि सपाट होत गेली हे त्यातलं एक आहे.

आणि प्रामाणिकपणे सांगते, माझी गाडीही काही साधू नाही. तिचं तोंडही चौकोनीच आहे. त्याच अभ्यासात म्हटलं आहे की ३० ते ४० इंचांमध्येसुद्धा सपाट तोंड असेल तर धोका वाढतो. पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचे तिप्पट पैसे पडतात. पेट्रोलच्या आणि प्लग-इन हायब्रिडच्या गाड्यांसाठी ती मर्यादा १.६ टन आहे. माझी "एवढीशी" पिकअप साधारण १,६५० किलोची. म्हणजे पॅरिसमध्ये मी जाड ठरले असते. इथे मला बारीक म्हणून हसतात. मोजपट्टी कुठली लावता त्यावर आहे सगळं.

मग छोट्या पिकअप गेल्या कुठे? लोकांना नको होत्या म्हणून गेल्या, असं मलाही वाटायचं. ह्याचं उत्तर आपल्या शहरातच आहे. हायलंड पार्कमध्ये नवीन घरं, दुकानं, पाण्याचा झरा असलेला जो हायलंड ब्रिजचा परिसर आहे, जिथे आपण संध्याकाळी फिरायला जातो, तिथे १९२५ पासून फोर्डचा कारखाना होता. शेवटची बरीच वर्षं तिथे रेंजर नावाची छोटी पिकअप बनायची. इथले जुने लोक अजून तिच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. डिसेंबर २०११ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि ती रेंजरही अमेरिकेच्या बाजारातून गेली. २०१९ मध्ये नाव परत आलं, पण गाडी मोठी होऊन.

का? दोन नियम समजून घ्या, दोन्ही मजेशीर आहेत.

पहिला कोंबडीचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर कर लावला. त्याचं उट्टं म्हणून १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बाहेरून येणाऱ्या बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक ह्यांवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं. ट्रकवरचा कर साठ वर्षांनंतरही आहे. त्यामुळे बाहेरच्या स्वस्त छोट्या पिकअपना इथे यायला दारच नाही. माझी गाडी मेक्सिकोत बनते. उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारामुळे हा कोंबडीचा कर तिला लागला नाही, म्हणून तर ती त्या किमतीत सुरू होऊ शकली.

दुसरा नियम मायलेजचा. हेतू चांगला होता, गाड्यांनी पेट्रोल कमी खावं. पण गाठायचं मायलेज ठरवताना गाडीचा "ठसा" धरला, म्हणजे चार चाकांमध्ये मावणारी जागा. ठसा जितका मोठा तितकं मायलेजचं उद्दिष्ट सोपं. आणि "लाइट ट्रक" ह्या वर्गात बसली तर आणखी सोपं. आता मुलांना सांगितलं की जितकं जाड दप्तर तितके कमी मार्क पुरतील, तर मुलं काय करतील? दप्तर जाड करतील. कंपन्यांनी तेच केलं. छोट्या पिकअपला मोठ्या पिकअपपेक्षा अवघड परीक्षा, आणि नफा कमी. कोण बनवेल?

जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने ह्या मायलेजच्या नियमाचा दंडच शून्यावर आणला. काही जण म्हणतात, चला, आता छोट्या गाड्या परत येतील. मला शंका आहे. परीक्षाच नसेल तर जाड दप्तरवाल्याला दप्तर हलकं करायचं कारण काय? नफा अजूनही मोठ्या गाडीतच आहे.

आणि "लोकांना नको आहे" म्हणणाऱ्यांसाठी: मॅव्हरिक जाहीर झाल्यावर थोड्याच महिन्यांत एक लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला त्या वर्षीच्या ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. लोकांना हवी होती. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. पुण्यातून २००५ मध्ये टाटांचा एस निघाला, आपण त्याला छोटा हत्ती म्हणायला लागलो. सातशे सीसीचं इंजिन. गल्लीबोळात शिरून भाजी, फर्निचर, गणपती, मांडवाचं सामान, सगळं त्याने वाहिलं. काम किती होतं ते गाडीच्या लांबीवर नसतं, हे आपण लहानपणापासून बघितलं आहे. इथे आल्यावर विसरलो.

आता दुसरी बाजू. मला ठाऊक आहे तुमच्यातले काही जण कमेंट टाइप करायला लागले आहेत.

ज्यांना बोट ओढायची आहे, कॅम्पर ओढायचा आहे, ज्यांचा बांधकामाचा किंवा बर्फ उपसण्याचा धंदा आहे, त्यांना माझ्या गाडीचा उपयोग नाही. ती २,००० पौंड ओढते, त्यावर नाही. भारतातून आई-बाबा आले, सहा जण घरात, तर माझी गाडी अपुरी आहे. आम्हालाही पाहुणे आले की दुसरी गाडी काढावी लागते. शहराबाहेर, मातीच्या रस्त्यावर, जिथे प्लाऊ दुपारी येतो, तिथे चारही चाकांना जोर हवा. (आता मॅव्हरिक हायब्रिडमध्येही ऑल-व्हील ड्राइव्ह मिळते, २०२५ च्या मॉडेलपासून.) आणि समोरून मोठी गाडी आदळली तर लहान गाडीत बसलेल्याला जास्त लागतं, हेही खरं आहे. "बाकीचे मोठ्या गाडीत आहेत म्हणून मलाही मोठी हवी" ह्यात वेडेपणा काही नाही. आईबापाचं काळीज आहे ते. पण सगळ्यांनी असंच केलं तर शेवटी सगळे पुन्हा तिथेच, फक्त चालणारा आणि सायकलवाला जास्त उघड्यावर. माझ्या गाडीचं लोखंड माझ्या अंगावर असतं तेव्हा ते रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर जायचीही भीती असते. त्या चौकात तो दुसरा माझा मुलगा होता.

मग करायचं काय? मी नुसतं रडगाणं गात नाही. तीन गोष्टी आहेत.

एक, टॅब फी. मिनेसोटात घरगुती गाड्यांची टॅब फी गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरते. वजनाचा आणि उंचीचा हिशेब नाही. छोटी महागडी इलेक्ट्रिक गाडी जास्त भरते, जुनी अवजड पिकअप कमी. वॉशिंग्टन डीसीमध्ये ६,००० पौंडांवरच्या गाडीला वर्षाला ५०० डॉलर नोंदणी आहे. तेवढं आपल्याकडे होणार नाही, पण किमतीबरोबर थोडं वजन धरा, धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्याला सूट द्या, आणि आलेला पैसा शाळांजवळच्या चौकांवर लावा, असं म्हणायला काय हरकत आहे? विधिमंडळाचं अधिवेशन ह्या वर्षी होणार आहे. मी माझ्या आमदारांना पत्र लिहिलं आहे. कुणाला नमुना हवा असेल तर मेसेज करा.

दोन, चौकातले ढीग. सेंट पॉलमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण रस्त्यांसाठी आणि उद्यानांसाठी एक टक्का सेल्स टॅक्स मतदानाने मंजूर केला. आपण दुकानात बिल भरताना तो देतो आहोत. त्यातून नवे रस्ते होत आहेत, चांगलं आहे. पण नवा रस्ता करून त्याच्या कोपऱ्यावर हिवाळाभर बर्फाचा ढीग ठेवला, तर मुलाला गाडी दिसत नाही आणि गाडीला मूल. शाळा, लायब्ररी, बसथांबे इथले कोपरे प्लाऊ झाल्यावर ठरावीक तासांत मोकळे झाले पाहिजेत, एवढी एकच मागणी घेऊन कौन्सिलच्या सभेला जायचं आहे. मीठ जास्त टाका अशी मागणी नाही, बरं का. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं, असं आपली राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्थाच सांगते. आणि रस्ता १५ डिग्रीच्या खाली गेला की साध्या मिठाचा फारसा उपयोगही होत नाही. फावड्याला पर्याय नाही.

तीन, आपण स्वतः. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा हा शहराचा नियम आहे. आपल्यातली किती घरं पाळतात? मी नावं घेत नाही. कोपऱ्यावरचं घर असेल तर रस्त्याला उतरायची जागाही साफ करा. आणि नवीन गाडी घेणार असाल तर आधी टायरचे पैसे बाजूला काढा, मग गाडीचा आकार ठरवा. मोठीच लागत असेल तर जरूर घ्या. फक्त शोरूममध्ये एक करा. मुलाला बॉनेटसमोर उभं करा आणि स्वतः सीटवर बसून बघा, दिसतो का. विकणारा हसला तर हसू दे.

माझा मुलगा ह्या हिवाळ्यात सायकल चालवतो आहे. बंद करावी असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. महिनाभर त्याची सायकल गराजमध्ये टांगून ठेवली होती. मग तोच म्हणाला, "आई, चूक माझी नव्हती ना? मग माझी सायकल का बंद?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता त्याच्या सायकलला उंच काठीवर केशरी झेंडा आहे. बर्फाच्या ढिगावरून निदान झेंडा तरी दिसतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडायला झेंडा लागतो, ह्यात आपण शहर म्हणून कुठे आलो ते आलं.

ही पोस्ट टाकण्याआधी काकांना फोन केला. त्यांच्याबद्दल लिहिते आहे, विचारल्याशिवाय कसं लिहू? थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "माझं नाव नको. बाकी सगळं लिही." आणि फोन ठेवता ठेवता, "कौन्सिलची ती सभा कधी आहे म्हणालीस?"

तारीख कळली की इथेच टाकते. ज्यांना यायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा, गाड्या भरून जाऊ. माझ्या गाडीत पाच जण मावतात. आणि हो, सायकली मागे.